शरीराला बंदी, फ्रेमला परवाना

समोरून वारा सुटला की सायकलवाला काय करतो? कोपरे वाकवतो, छाती हँडलजवळ आणतो, मान खाली घालतो आणि पायडल मारत राहतो. हे त्याला कोणत्याही प्रशिक्षकाने शिकवलेले नसते. पहाटे पेपर टाकणारा पोरगा, दुधाचे कॅन लटकवून निघालेला दूधवाला, पहिल्या पाळीला पोहोचण्यासाठी धडपडणारा कामगार या सर्वांना ही विद्या येते. वाऱ्यापुढे अंग लहान केले की वारा कमी लागतो, हे शास्त्र गरिबाच्या पाठीला ठाऊक आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

आज हेच शास्त्र काही लाख रुपयांना विकले जाते. ट्रायथलॉन आणि टाइम ट्रायलच्या सायकली आमच्या वाचकांनी छायाचित्रांत पाहिल्या असतील. नळ्या गोल नसून पात्यासारख्या चपट्या, मागचे चाक थाळीसारखे बंद, हँडलच्या मध्यातून पुढे आलेले दोन दांडे आणि त्यावर कोपरे टेकवून आडवा झालेला स्वार. टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत. तिथे एकामागून एक स्वार सोडले जातात आणि कुणाच्या आडोशाला जायचे नसते. ट्रायथलॉनमध्ये पोहणे, सायकल आणि धावणे लागोपाठ असते. 1978 साली हवाई बेटांवर सुरू झालेल्या आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या शर्यतीत सायकलचा टप्पा 180 किलोमीटरचा आहे आणि तिथेही दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवायला मनाई आहे. म्हणजे दोन्हीकडे माणूस आणि वारा, मध्ये तिसरा कोणी नाही. अशा ठिकाणी कोणाला काय वापरू द्यायचे आणि काय नाही, हा प्रश्न केवळ खेळाचा राहत नाही. आम्ही आज त्याच प्रश्नाची शहानिशा करणार आहोत.

आधी थोडा हिशेब मांडू. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची ऐंशी ते नव्वद टक्के ताकद फक्त हवा बाजूला सारण्यात खर्च होते. वेग वाढला की हवेसाठी लागणारी ताकद त्याच प्रमाणात वाढत नाही, तर वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट करायचा तर आठपट जोर हवा. चाळीसचा वेग चव्वेचाळीस करायचा, म्हणजे अवघा दहा टक्के वाढवायचा, तर हवेविरुद्धची ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. माणसाचे पाय तेहतीस टक्क्यांनी बळकट करणे ही वर्षानुवर्षांची मेहनत आहे. म्हणून सगळ्यांचे लक्ष हवेचा अडथळा कमी करण्याकडे गेले.

हा अडथळा निर्माण कसा होतो? गोल नळीवरून वाहणारी हवा तिच्या पाठीमागे पुन्हा नीट जुळत नाही. ती मध्येच सुटते, भोवरे तयार होतात, नळीमागे कमी दाबाची पोकळी पडते आणि ती पोकळी सायकलला मागे खेचते. पाण्याच्या थेंबासारखा आकार, पुढे गोलसर आणि मागे निमुळता, दिला तर हवा मागे येऊन अलगद मिळते. तेवढ्याच जाडीच्या गोल नळीपेक्षा अशा नळीचा अडथळा कित्येक पटीने कमी असतो. पण लांब निमुळत्या शेपटीला आडवा वारा लागला की सायकल डगमगते. त्यावर तोडगा जुना आहे. 1930 च्या दशकात जर्मनीतील वुनिबाल्ड काम या अभियंत्याने मोटारींसाठी दाखवून दिले की, शेपूट पूर्ण ओढण्याऐवजी मध्येच सरळ कापून टाकली तरी हवा जवळपास तशीच वागते. आजच्या महागड्या फ्रेमच्या नळ्या मागून कापल्यासारख्या दिसतात, त्याचे मूळ इथे आहे. बाकी वायरी फ्रेमच्या पोटात घालणे, सीटखालची नळी मागच्या चाकाच्या गोलाईप्रमाणे कोरणे, पाण्याची बाटली आकारात बसवणे ही सारी याच विचाराची पिल्ले.

मात्र जाहिरातीत जे ठळक अक्षरांत छापले जात नाही ते असे: एकूण अडथळ्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक वाटा स्वाराच्या शरीराचा असतो. सायकलचा वाटा उरलेल्या चतुर्थांशात आणि फ्रेमचा त्यातही एक भाग. म्हणजे लाखो रुपये मोजून माणूस जे विकत घेतो तो छोटा तुकडा आहे. मोठा तुकडा बसण्याच्या पद्धतीत आहे आणि ती पद्धत फुकट आहे. आमचे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

23 जुलै 1989. टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस, 24.5 किलोमीटरची टाइम ट्रायल. फ्रान्सचा लॉराँ फिन्याँ 50 सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लमाँडने हँडलला पुढे आलेला तो दांडा लावला होता, फिन्याँने लावला नव्हता. त्याची वेणी वाऱ्यावर उडत होती, डोक्यावर टोपही नव्हता. लमाँडने 58 सेकंद भरून काढले आणि तीन आठवड्यांची शर्यत 8 सेकंदांनी जिंकली. तो दांडा कुठून आला? बून लेनन नावाच्या स्कीइंगच्या प्रशिक्षकाच्या डोक्यातून. बर्फावरून घसरणारे खेळाडू हात पुढे जुळवून अंग आखडतात, ते त्याने सायकलवर आणले आणि त्याचा पहिला स्वीकार ट्रायथलॉनवाल्यांनी केला. ट्रायथलॉन हा नवा खेळ, त्याला परंपरेचे ओझे नव्हते आणि जुन्या सायकल महासंघाचे नियमही लागू नव्हते. ट्रायथलॉनवाल्यांनीच सीट पुढे सरकवून, तिची नळी जास्त उभी करून आडवे झाल्यावर मांडी पोटाला आपटणार नाही अशी रचना रुळवली. नवी वाट बहुधा अशीच गावकुसाबाहेरून येते आणि मग गाव ती आपली म्हणून सांगते. असो.

आता ज्या माणसासाठी आम्ही हा लेख लिहायला बसलो त्याच्याकडे वळू. स्कॉटलंडचा ग्रेअम ओब्री. त्याचे सायकलचे दुकान बुडालेले, डोक्यावर कर्ज. त्याच्याकडे ना कंपनी होती, ना प्रयोगशाळा, ना वाऱ्याचा बोगदा. त्याने स्वतःच्या हाताने एक सायकल जोडली. पायडलचे दोन दांडे एकमेकांच्या अगदी जवळ यावेत म्हणून मधला धुरा अरुंद हवा होता, तर त्यात कपडे धुण्याच्या यंत्रातील बेअरिंग बसवले. गुडघे आपटतात म्हणून फ्रेमचा वरचा दांडाच काढून टाकला. हात दुमडून छातीखाली दाबायचे आणि अंग हँडलवर झोकून द्यायचे, अशी बसण्याची तऱ्हा काढली. नाव ठेवले ‘ओल्ड फेथफुल’, म्हणजे जुनी इमानदार.

एका तासात किती अंतर कापले जाते हा सायकल खेळातील सर्वांत मानाचा विक्रम. इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरने 1984 साली मेक्सिको सिटीत 51.151 किलोमीटर कापले होते आणि साडेनऊ वर्षे त्याला कोणी धक्का लावला नव्हता. जुलै 1993 मध्ये नॉर्वेतील हामार येथे ओब्री उतरला. पहिल्या दिवशी त्याच्या सायकलची नीटनेटकी बनवलेली प्रतिकृती वापरली आणि तो हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंग अजून दुखत असताना, त्याने आपली जुनी इमानदार काढली आणि 51.596 किलोमीटर कापले. मोझरपेक्षा 445 मीटर जास्त. त्याच वर्षी त्याच गावी तो वैयक्तिक परसूट प्रकारात जगज्जेताही झाला. इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने सहा दिवसांत विक्रम मोडला, तो ओब्रीने एप्रिल 1994 मध्ये 52.713 किलोमीटर कापून परत घेतला.

इथपर्यंत कथा सरळ आहे. पुढे त्या तऱ्हेवर आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने बंदी घातली. 1994 च्या ऑगस्टमध्ये इटलीतील पालेर्मो येथे जागतिक स्पर्धेत ओब्रीने नमते घेतले नाही म्हणून त्याला बाद करण्यात आले. आणि त्याच वर्षी 2 सप्टेंबरला, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांनी, स्पेनच्या मिगेल इंडुराइनने पिनारेल्लो कंपनीने खास त्याच्यासाठी घडवलेल्या ‘एस्पादा’ या पंखासारख्या कार्बनच्या सायकलवर 53.040 किलोमीटर कापले. तो विक्रम मान्य झाला! इंडुराइन मोठा खेळाडू होता, त्याच्या कर्तृत्वावर आम्हांला शंका घ्यायची नाही. पण कारागिराने शोधलेले अंगाचे वळण निषिद्ध आणि कारखान्याने ओतलेली फ्रेम पवित्र, हा न्याय आम्हांला ओळखीचा वाटला तर वाचकांनी नवल मानू नये.

ओब्री थांबला नाही. त्याने हात छातीखाली न दाबता सरळ पुढे ताणण्याची दुसरी तऱ्हा काढली आणि 1995 साली कोलंबियात पुन्हा जगज्जेता झाला. लोकांनी तिला ‘सुपरमॅन’ म्हटले. ती वापरून बोर्डमनने 6 सप्टेंबर 1996 रोजी मँचेस्टरमध्ये तासाला 56.375 किलोमीटर कापले. मग त्या तऱ्हेवरही बंदी आली.

8 ऑक्टोबर 1996 रोजी महासंघाने लुगानो सनद स्वीकारली. तिचे म्हणणे ऐकायला गोड आहे. यंत्रापेक्षा माणूस श्रेष्ठ राहिला पाहिजे, खर्चाची चढाओढ थांबली पाहिजे, सर्वांनी समान पातळीवर लढून कोण शरीराने सरस ते ठरले पाहिजे. यातल्या एकाही शब्दाला आमचा विरोध नाही. 1 जानेवारी 2000 पासून त्यानुसार नियम लागू झाले. फ्रेम त्रिकोणीच हवी, नळीची खोली जाडीच्या तिपटीहून जास्त नको, सायकलचे वजन 6.8 किलोपेक्षा कमी नको, सीट इतकी मागे हवी, हात इतकेच पुढे हवेत. एस्पादासारख्या पंखधारी फ्रेमही यात गेल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तासाच्या विक्रमाचा काटा तर 1972 साली एडी मर्क्सने साध्या सायकलवर केलेल्या 49.431 किलोमीटरवर परत नेण्यात आला.

पण समान नियम म्हणजे समान संधी नव्हे, हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. नियमाने मोठा तुकडा, म्हणजे अंगाची तऱ्हा, गोठवून टाकला. उरला फ्रेमचा छोटा तुकडा. त्या तिपटीच्या मर्यादेत अर्ध्या मिलिमीटरने आकार कसा फिरवायचा, आडव्या वाऱ्यात कोणत्या कोनाला काय होते, हे शोधायचे तर वाऱ्याचा बोगदा भाड्याने घ्यावा लागतो, संगणकावर हवेचे गणित करणारे अभियंते पदरी ठेवावे लागतात आणि प्रत्येक मापाच्या कार्बन फ्रेमसाठी स्वतंत्र साचा कोरावा लागतो. हे बुडालेल्या दुकानाच्या मालकाला जमणारे काम नाही. ज्या सनदेने खर्चाची चढाओढ थांबवायची होती, तिने ती फक्त धनवानांपुरती राखीव केली. वर 1 जानेवारी 2011 पासून फ्रेम मंजुरीची पद्धत आली. निर्मात्याने आराखडे दाखल करायचे, शुल्क भरायचे आणि फ्रेमवर महासंघाचा शिक्का मिळवायचा. नळ्या जोडून केलेल्या साध्या फ्रेमसाठी ही पद्धत सोपी ठेवली आहे, हे मान्य. तरी आज कोणी ओब्री धुलाई यंत्राचे बेअरिंग बसवून रिंगणाच्या दारात आला, तर त्याला आधी शिक्का विचारला जाईल. पुढे नळ्यांच्या मापांची बंधने सैल करण्यात आली, तिपटीचा नियमही गेला. म्हणजे फ्रेमला जागा वाढवून मिळाली. ओब्रीच्या दोन्ही तऱ्हांवरची बंदी मात्र कायम आहे.

याचा पुरावा तासाच्या विक्रमातच आहे. 2014 साली महासंघाने आधुनिक सायकलींना पुन्हा परवानगी दिली. त्यानंतर विक्रमांची रांग लागली. 2015 मध्ये ब्रॅडली विगिन्सने 54.526, 2019 मध्ये बेल्जियमच्या व्हिक्टर काम्पेनार्ट्सने 55.089 किलोमीटर कापले. शेवटी 8 ऑक्टोबर 2022 रोजी इटलीच्या फिलिप्पो गान्नाने स्वित्झर्लंडमधील ग्रेन्शेन येथे, त्रिमितीय छपाईने बनवलेल्या धातूच्या फ्रेमवर, 56.792 किलोमीटर कापले. बोर्डमनच्या 1996 च्या अंतरापेक्षा 417 मीटर जास्त. एक हात पुढे ताणण्याच्या युक्तीला मागे टाकायला अब्जावधींच्या उद्योगाला 26 वर्षे लागली. बोर्डमनमागेही पैसा आणि प्रयोगशाळा होती, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्या अंतरातला मोठा वाटा एका स्कॉटिश कारागिराच्या डोक्यातून आला होता आणि त्याला स्वामित्व-शुल्क म्हणून छदामही द्यावा लागला नव्हता.

बोर्डमनचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट नोंदवतो. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले ते काळ्या चकचकीत सायकलवर. तो स्वतः लाकूडकाम करणारा आणि त्या वेळी बेकार. जगाने त्या सायकलला ‘लोटस’ म्हणून ओळखले, कारण लोटस ही मोटार कंपनी. पण ती अखंड कार्बनची फ्रेम मुळात माईक बरोज या नॉर्विचच्या माणसाने आपल्या कार्यशाळेत 1980 च्या दशकात घडवली होती. महासंघाच्या नियमात बसत नाही म्हणून ती तशीच पडून राहिली. 1990 च्या सुमारास नियम सैल झाला, बरोजच्या ओळखीच्या एका माणसाने ती लोटसकडे नेली, तिथल्या अभियंत्यांनी बोगद्यात घासूनपुसून ती पक्की केली. त्यांच्या कामाला कमी लेखायचे कारण नाही. तरी घडवणारा हात आणि कपाळावरचे नाव यांची फारकत युरोपातही होते, एवढे यावरून दिसते.

मग आमचे म्हणणे काय? नियमच नकोत? तसे आम्ही म्हणत नाही. नियम नसले की काय होते ते ट्रायथलॉनमध्ये दिसते. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनला महासंघाची फ्रेमबंधने लागू नाहीत, म्हणून तिथे विचित्र आणि सुंदर सायकली जन्माला आल्या. सीटखालची नळीच नसलेल्या, पोटात खाऊचा डबा असलेल्या. कॅनडात 1995 साली दोन अभियंत्यांनी सुरू केलेल्या सर्व्हेलोसारख्या कंपनीचे नाव याच जमातीत मोठे झाले. पण किमती आकाशाला भिडल्या आणि तो खेळ बहुतांशी सुखवस्तू लोकांचा झाला. 20 ऑक्टोबर 2019 रोजी गोव्यात पणजीला आयर्नमॅन 70.3 ही अर्ध्या पल्ल्याची शर्यत पहिल्यांदा झाली, तिथेही सायकलचे 90 किलोमीटर. अशा शर्यतीच्या आरंभरेषेवर कोणत्या वस्तीतली मुले उभी राहतात, हे पाहायला शास्त्रज्ञ लागत नाही.

खरी समता हवी असेल तर तिची वाट जपानने दाखवून ठेवली आहे. तिथे 1948 पासून केइरिन नावाची रिंगणातली शर्यत चालते. तिच्यावर लोक पैसे लावतात, म्हणून कोणाला सायकलमुळे फायदा मिळता कामा नये अशी व्यवस्था आहे. पुरुषांच्या पारंपरिक केइरिनमध्ये फ्रेम पोलादी गोल नळ्यांची आणि ठरावीक मानकाची. मानक पाळून ती फ्रेम कोण बनवतो? छोट्या कार्यशाळांतले कारागीर, एकेक माणूस, भट्टी आणि कानस घेऊन. म्हणजे नियम इतका खाली आणून ठेवला आहे की कारागिराचा हात तिथे पोहोचतो. पैसे लावणाऱ्यांच्या धाकाने का होईना, पण हे झाले. लुगानो सनदेतल्या तत्त्वांना हे उदाहरण शंभर टक्के लागू होते. महासंघानेही 2000 ते 2014 या काळात तासाच्या विक्रमाला मर्क्सच्या सायकलचा नियम लावून असाच प्रयोग केला होता. बोर्डमनने 2000 साली 49.441 किलोमीटर कापून मर्क्सला दहा मीटरने मागे टाकले, 2005 साली चेक स्वार ओंद्रेज सोसेंकाने 49.700 केले आणि पुढे पुरुषांत कोणी तो मोडला नाही. मोठ्या कंपन्यांनी त्यात रस घ्यावा तर घ्यावा कशासाठी? साध्या नळ्यांच्या सायकलीत विकायला काही नव्हते. शेवटी महासंघानेच तो नियम मागे घेतला.

म्हणून महासंघाकडे आमचे मागणे अगदी साधे आहे. एकतर जपानसारखे फ्रेमवर खरे बंधन घाला, पोलाद म्हणजे पोलाद. नाहीतर शरीराला मोकळे सोडा. हँडल धड धरता येते, ब्रेकपर्यंत हात जातो, स्वार दुसऱ्याच्या अंगावर पडत नाही, एवढी सुरक्षिततेची अट ठेवा आणि बाकी ज्याची त्याला तऱ्हा शोधू द्या. गर्दीच्या रस्त्यावर सुपरमॅन होऊन जाणे धोक्याचे आहे, हे आम्हांलाही कळते. पण रिकाम्या रिंगणात एकटाच माणूस घड्याळाशी झुंजत असताना कोणाचा जीव धोक्यात येतो, याचे उत्तर आम्हांला आजवर मिळालेले नाही.

आमच्या तरुणांपैकी कुणाला या खेळात उतरायचे असेल, त्याने महागडी फ्रेम नाही म्हणून हिरमुसून जाऊ नये. साध्या रेसिंग सायकलच्या हँडलला कोपर टेकवायचे दांडे नटबोल्टने बसवता येतात आणि ते त्या फ्रेमच्या मानाने फार स्वस्त पडतात. फडफडणारा शर्ट काढून घट्ट कपडे घातले, हँडल थोडे खाली घेतले, खांदे आवळले आणि त्या अवस्थेत तासभर दम टिकवायचा सराव केला, तर अडथळ्यातला मोठा तुकडा त्याच्या हाती आला. उरलेला छोटा तुकडा पुढे कधीतरी.

ओब्रीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. 2013 साली तो अमेरिकेतील नेवाडा राज्यात बॅटल माउंटन येथे गेला. तिथल्या सरळ रस्त्यावर माणसाच्या ताकदीवर चालणाऱ्या वाहनांची वेगाची चाचणी होते आणि महासंघाचा कोणताही नियम तिथे चालत नाही. कवच घातलेले एक वाहन त्याने नेले होते, त्यात पालथे झोपून पाय मारायचे. नाव ‘बीस्टी’. बनवले होते घरच्या स्वयंपाकघरात आणि खांदे टेकवायच्या आधारासाठी वापरले होते जुन्या पातेल्याचे तुकडे. वय 48, वेग ताशी सुमारे 91 किलोमीटर.